भाईंदर लोकलमधले ग्रंथश्रवण

(प्रस्तावना)

मराठीतले पहिले मोठे गद्यचरित्र लोकांना विचारून विचारून लिहिले गेले. चक्रधरस्वामींच्या मागे म्हाइंभटांनी नागदेवाचार्य आणि इतर अनुयायी गाठले. अमुक लीळा कुठे घडली, तेव्हा कोण कोण हजर होते, स्वामी नेमके काय बोलले, हे एकेकाच्या तोंडून ऐकून घेतले आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्र’ उभे केले. पुढे धामधुमीत मूळ पोथी गेली, तेव्हा ती पुन्हा आठवणीतूनच लिहून काढावी लागली. आज तिचे निरनिराळे पाठ मिळतात ते त्यामुळेच. त्याच काळात, शके १२१२ मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, असे परंपरा मानते. गद्य असो की ओवी, मराठीचे हे दोन्ही आद्य ग्रंथ आधी कोणीतरी ऐकले आणि मग कागदावर आले.

‘पुस्तक ऐकणे हे काही खरे वाचन नव्हे’, असे ठासून सांगणाऱ्यांना मी या दोन ग्रंथांची आठवण करून देतो. आपल्या वाङ्मयाचा केवढा तरी भाग कानावर पडावा म्हणूनच घडला आहे. अभंग टाळाच्या ठेक्यावर, पोवाडा डफावर, आख्यान कीर्तनात आणि बखर चारचौघांत वाचून दाखवण्यासाठी. पुस्तक हातात धरून, एकट्याने, ओठ न हलवता वाचायची सवय आपल्याकडे छापखान्याच्या मागोमाग आली. तिचे वय फार तर दीड-दोनशे वर्षे. तेव्हा ऐकणे वैध की अवैध हा वाद मला उकरायचा नाही. कोणते पुस्तक ऐकावे, कोणते डोळ्यांनीच वाचावे आणि ऐकायचे तर कसे, हे सांगणारे मात्र कोणी भेटत नाही. ही पुस्तिका त्यासाठी लिहिली आहे. ती अभिजात मराठी साहित्य आणि इतिहास एवढ्यापुरतीच आहे. आणि मी भाईंदरचा असल्यामुळे, ऐकणारा मनुष्य मीरा रोड किंवा भाईंदरहून रोज गाडी पकडणारा आहे, असे मी धरून चाललो आहे.

आधी थोडे मागे जाऊ. श्रीधर कवीने १७०२ साली ‘हरिविजय’ पुरा केला, त्यानंतर ‘रामविजय’, १७१२ मध्ये ‘पांडवप्रताप’ आणि १७१८ मध्ये ‘शिवलीलामृत’. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा लाखो माणसांनी हे ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या ‘वाचले’, म्हणजे चातुर्मासात देवळात किंवा कोणाच्या ओसरीवर बसून ऐकले. एकाने पोथी लावायची, बाकीच्यांनी ऐकायची. वाचणारा मध्येच थांबून अर्थ सांगे, कोणी शंका विचारी, एखादी म्हातारी पुढचे चरण आधीच म्हणून टाकी. वाचन हा असा चारचौघांचा कार्यक्रम होता.

हे धार्मिक ग्रंथांचे झाले, असे कोणी म्हणेल. जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ घ्या. १८८०च्या दशकाच्या आरंभी तो लिहीत असतानाच जोतीराव त्यातली प्रकरणे ठिकठिकाणी वाचून दाखवत होते. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर इथल्या श्रोत्यांनी तो छापून होण्याआधी ऐकला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनीही तो ऐकून घेतला. ज्याच्यासाठी पुस्तक लिहिले त्या शेतकऱ्याला वाचता येत नाही, हे लेखकाला पुरते ठाऊक होते, आणि त्याने त्यावर काढलेला तोडगा हा होता. ‘असूडा’ची ती लांबलचक, दम न घेता धावणारी वाक्ये छापील पानावर बोजड वाटतात. मोठ्याने वाचून पाहा. समोर माणसे बसली आहेत आणि बोलणाऱ्याचा पारा चढत चालला आहे, हे दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच कळते.

साने गुरुजींनी तर ऐकण्यालाच पुस्तकाची चौकट केली. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतले आणि १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. बेचाळीस. आश्रमातली प्रार्थना झाली की श्याम बोलू लागतो आणि मित्र ऐकतात. एक रात्र, एक प्रसंग. पुढची गोष्ट उद्या. आजचा ध्वनिमुद्रण करणारा ज्याला भाग म्हणतो, ती विभागणी गुरुजींनी नव्वद वर्षांपूर्वी करून ठेवली आहे.

यंत्राची गोष्ट थोडक्यात सांगतो. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ केला, पण त्याच्या नळकांड्यावर दोन-चार मिनिटांचाच आवाज मावे. कादंबरीएवढे काही ध्वनिमुद्रित करण्याची खरी गरज अंधांची होती. १९३०च्या दशकात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये अंध वाचकांसाठी तबकड्यांवर ‘बोलकी पुस्तके’ निघू लागली. ब्रिटनमध्ये १९३५ साली निघालेल्या पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची एक रहस्यकथा होती. आपल्याकडे १९५२ साली मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था निघाली. तिच्या बोलक्या पुस्तकांसाठी हौशी वाचकांनी तासन्‌तास बसून कॅसेटी भरल्या. आज कानात इअरफोन घालून कादंबरी ऐकणाऱ्या डोळसांनी हे विसरू नये. ही वाट अंधांनी पाडली आहे, आपण तिच्यावरून मागाहून चाललो आहोत.

डोळस मराठी श्रोत्याला ऐकायची सवय लावली ती रेडिओने. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, पुण्याचे २ ऑक्टोबर १९५३ रोजी. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, गीतरामायण सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते, सुधीर फडक्यांचे संगीत, आठवड्याला एक, वर्षभर. रामायणाची गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती? तरी लोक वेळ गाठून रेडिओपाशी बसत. म्हणजे ऐकणाऱ्याला पुढे काय होणार याचीच ओढ असते असे नाही. ठाऊक असलेली गोष्ट आज कशी सांगितली जाते, हेही त्याला ऐकायचे असते. पुढे शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगाव कथाकथन केले, पु. लं.ची ‘बटाट्याची चाळ’ १९६१ पासून रंगमंचावरून आणि मग कॅसेटमधून घरोघर गेली, आणि गो. नी. दांडेकरांच्या कादंबऱ्यांचे त्यांच्या घरच्याच माणसांनी अभिवाचन केले. २००५ साली माँट्रियलच्या ह्यू मॅग्वायरने ‘लिब्रिव्हॉक्स’ सुरू केले. कॉपीराइट संपलेली पुस्तके स्वयंसेवकांनी वाचायची आणि जगाला फुकट ऐकवायची, अशी ती योजना. ‘स्टोरीटेल’ ही स्वीडिश कंपनी २०१७च्या अखेरीस भारतात आली, तेव्हा इंग्रजी आणि हिंदीच्या जोडीने तिने मराठी सुरुवातीपासूनच घेतली. मराठी माणसाला पुस्तक ऐकायला शिकवावे लागणार नाही, हे तिला दिसले असावे.

आता आमच्या गावाकडे येतो. भाईंदर चर्चगेटपासून सुमारे ४३ किलोमीटर. गाडीत बसल्यावर तास-सव्वा तासाची निश्चिंती. बसायला मिळाले तर, हे आलेच. म्हणून तर मीरा रोडचे कितीतरी लोक उलटे भाईंदरला येतात आणि इथून सुटणारी गाडी पकडतात. चौथ्या सीटवर अर्धे अंग बाहेर टाकून बसलेल्याला पुस्तक उघडायचे म्हटले तर कोपर शेजाऱ्याच्या बरगडीत जाते. उभ्या असलेल्याचा एक हात कडीला, दुसरा बॅगेवर. दोन्ही हात अडकलेल्या माणसाला मोकळे राहतात ते कान. चांगला वाचणारा मिनिटाला सव्वाशेच्या आसपास शब्द वाचतो. म्हणजे जाताना आठ-नऊ हजार शब्द आणि येताना तेवढेच. मधल्या रेटारेटीचे, ‘उतरना है क्या’चे आणि तीन भाषांतल्या ‘पुढील स्टेशन’चे काही वजा करा. तरी महिन्याभरात एक जाडजूड कादंबरी संपते. त्याच डब्यात पलीकडे भजनी मंडळी टाळ काढून बसलेली असतात. रेल्वेच्या डब्यात शब्द ऐकण्याची परंपरा त्यांनी इअरफोन येण्याच्या कितीतरी आधी सुरू केली. त्यांचे भजन रंगात आले की आपले पुस्तक बंद करावे. दोन्ही एकदम ऐकता येत नाही आणि भजन पुन्हा लावता येत नाही.

या गावात पुस्तक ऐकायचे दुसरेही कारण आहे. २०११च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी, उर्दू, उत्तनकडे ख्रिस्ती कोळ्यांची मराठी, अशा कितीतरी बोली एकेका इमारतीच्या लिफ्टमध्ये भेटतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला. जुलै २०२५ मध्ये मराठीच्याच प्रश्नावर मीरा रोडला मोर्चा निघाला आणि गावाचे नाव देशभर झाले. त्या वादात मी इथे पडत नाही. मला दिसते ते एवढेच, की इंग्रजी शाळेत शिकलेल्या मराठी घरातल्या मुलांची मराठी कानात शाबूत आहे. आजीचे बोलणे, टोमणे, म्हणी त्यांना बरोबर कळतात. पण छापील पान समोर ठेवले की जोडाक्षरापाशी अडखळतात, दोन परिच्छेदांत दमतात आणि ‘मला मराठी वाचायला जमत नाही’ म्हणून पुस्तक मिटतात. जन्म इथेच गेलेल्या मारवाडी दुकानदाराचेही तसेच. बोलतो झकास, वाचायची वेळ कधी आली नाही. अशांना ‘स्मृतिचित्रे’ वाचा म्हणून सांगणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला पलीकडच्या काठावरून हाका मारणे. ऐकायला दिले तर मात्र ते पहिल्या पानापासून आत असतात. दर्जा मिळालेल्या भाषेचे अभिजात ग्रंथ अशा कानांपर्यंत पोहोचवणे हे काम आहे, आणि ते घोषणेपेक्षा स्वस्तात होते.

ऐकायला काय घ्यावे, याची यादी पुढे सविस्तर दिली आहे. इथे फक्त निवडीमागचा विचार सांगतो.

जे लिखाण मुळातच बोलल्यासारखे आहे, ते आधी घ्यावे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत निघाली. लग्न होऊन आल्या तेव्हा लक्ष्मीबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, ते त्या सासरी आल्यावर नवऱ्याकडून शिकल्या. त्यामुळे पुस्तकी मराठीची छाप त्यांच्या वाक्यावर पडलीच नाही. नवऱ्याचे धर्मांतर, ताटातूट, दारिद्र्य असे सगळे सांगताना त्या मध्येच असे काही बोलून जातात की डब्यात एकट्याने हसणाऱ्याकडे लोक वळून बघतात. ह. ना. आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’मध्ये यमू स्वतःच आपली कहाणी सांगते. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची ही कादंबरी डोळ्यांना पाल्हाळिक वाटते. एखाद्या जाणत्या वाचिकेच्या आवाजात तोच पाल्हाळ समोर बसून मन मोकळे करणाऱ्या बाईचा होतो.

आणि वरसईच्या विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या या गावातला भिक्षुक ब्राह्मण, घरच्या कर्जापायी दक्षिणा मिळवायला म्हणून काकांबरोबर उत्तरेत निघाला आणि नेमका १८५७च्या बंडात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो शहरात होता. मोठ्या सेनापतींच्या हालचाली त्याला ठाऊक नाहीत. गोळा पडला की लोक कुठे लपत, पाणी कुठून आणत, लूट आली तेव्हा काय काय गेले, हे त्याला ठाऊक आहे. चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये हे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा बंडाला पन्नास वर्षे होत होती. मी नव्या श्रोत्याला पहिले पुस्तक हेच देतो. इतिहास म्हटला की सनावळ्यांनी धसका घेणाऱ्या माणसालाही इथे सनावळी कुठे भेटतच नाही. भेटतो एक भेदरलेला, भुकेला, पण डोळे उघडे ठेवून चाललेला माणूस.

बखरी हे खास ऐकण्याचे वाङ्मय. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीला १६९७च्या सुमारास शिवचरित्र लिहिले. मुलाने बापाची हकीकत विचारली आणि बापाच्या पदरच्या जुन्या माणसाने ती सांगितली, असा त्याचा बाज आहे. वाक्ये तोडलेली, क्रियापद ठोसकन येणारे, मध्येच संवाद. फारसी शब्द भरपूर आहेत, पण ऐकताना दहातले सात संदर्भाने कळतात. पानावर मात्र त्याच शब्दांपाशी वाचक अडतो आणि टीप शोधत बसतो. अफझलखानाचा प्रसंग ऐका. खान कुठून निघाला, वकील कोण, काय बोलणे झाले, पालखी कुठे ठेवली, असे पायरीपायरीने बखरकार नेतो. शेवटाकडे मात्र गडांच्या, खजिन्याच्या, वस्तूंच्या लांबच लांब याद्या लागतात. त्या नुसत्या वाचून दाखवल्या तर श्रोता अंधेरीपर्यंत झोपी जातो. पण वाचणारा ठेका पकडून, किंचित चढत्या सुरात वाचील, तर एका माणसाने पन्नास वर्षांच्या आयुष्यात काय उभे केले याची छाती दडपणारी मोजदाद होते. यादी तीच, फरक गळ्याचा.

सगळाच इतिहास असा कानाने घेता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. सरदेसायांच्या रियासती संदर्भाचे ग्रंथ आहेत. एका पानावर दहा नावे, सहा तारखा, तीन ठिकाणे. ती पुढेमागे पाने चाळत, नकाशा उघडा ठेवून वाचायची. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’मधली पत्रे ऐकवण्यात अर्थ नाही. त्यांच्या प्रस्तावना मात्र ऐकाव्यात, कारण राजवाडे तिथे प्रतिपक्षाशी भांडत असतात आणि भांडण कानाला गोड लागते. नियम सोपा आहे. ज्या पुस्तकात मागचे पान पुन्हा उलटावे लागते, ते डोळ्यांचे. जे पुढे पुढे ओढून नेते, ते कानांचे.

ऐकलेल्या इतिहासाचा एक धोका मोठा आहे. छापील पानावर तळटीप असते, ‘असे म्हणतात’ असते, कंस असतो. आवाजात यातले काही उरत नाही. भारदस्त आवाजात, मागे तुतारी वाजवून सांगितलेली दंतकथा आणि अस्सल पत्रातली ओळ श्रोत्याला सारखीच खरी वाटते. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट प्रत्येकाला पाठ आहे. सभासद बखरीत ती शोधून सापडत नाही. तेव्हा ऐकताना हे कशात आले आहे, ते कोणी लिहिले आणि घटनेनंतर किती वर्षांनी लिहिले, हे विचारायची खोड लावून घ्यावी. पुस्तिकेत प्रत्येक ऐतिहासिक ग्रंथापुढे या प्रश्नांची उत्तरे दिली आहेत. शके ऐकू आला तर त्यात ७८ मिळवावेत, इसवी सन मिळतो. शकवर्षाच्या अखेरच्या दोन-तीन महिन्यांपुरते ७९.

या धोक्यावर एक औषध आमच्या गावातच आहे. कानाने ऐकलेले पायाखाली घालून पाहणे. वसईची मोहीम १७३७ ते १७३९ चालली. ती ऐकणाऱ्या भाईंदरकराने आधी खाडी नीट पाहून घ्यावी. विरारकडे जाताना भाईंदर आणि नायगावच्या मध्ये गाडी पुलावर येते ती हीच. खाडीच्या मुखाशी उत्तरेला वसईचा किल्ला, दक्षिणेला आपल्या बाजूला धारावी. मुंबईतल्या धारावीशी हिचा संबंध नाही. ही उत्तनच्या वाटेवर, चौक गावाजवळची. ज्याच्या ताब्यात धारावी, त्याच्या माऱ्यात खाडीचे तोंड. म्हणूनच वसईवर अखेरचा घाव घालण्याआधी मराठ्यांनी १७३९ मध्ये ती घेतली, आणि त्याच साली १६ मे रोजी वसईच्या पोर्तुगिजांनी तहाच्या अटी मान्य केल्या. चिमाजी अप्पांचे स्मारक धारावीला आहे. रविवारी तिथे उभे राहून, समोर वसई दिसत असताना त्या मोहिमेचे वर्णन ऐकले, की ‘धारावी हाती आल्याशिवाय वसई पडत नाही’ हे वाक्य सांगावे लागत नाही. पेशवे दफ्तरातले निवडक कागद सरदेसायांच्या देखरेखीखाली ४५ खंडांत छापले गेले, त्यातला एक खंड या मोहिमेचा आहे. वर्णन ऐकून कुतूहल चाळवले तर पुढे तो डोळ्यांनी वाचावा.

चर्चगेटच्या दिशेला जाणाऱ्यांसाठीही असे ठिकाण आहे. मालाड. उत्तर कोकणाची जुनी हकीकत सांगणारी ‘महिकावतीची बखर’ राजवाड्यांनी १९२४ मध्ये संपादून प्रसिद्ध केली. तिचा सर्वांत जुना भाग केशवाचार्यांचा, १४४८च्या सुमाराचा. मालाडच्या नायकोरावाला कुलदेवीचा दृष्टान्त झाला आणि ‘महाराष्ट्रधर्म’ रक्षावा म्हणून लोकांना बोलावून वंशांच्या, वृत्तींच्या हकीकती सांगितल्या गेल्या, असे ती बखर म्हणते. राजवाड्यांची प्रस्तावना वादग्रस्त आहे, त्यांचे काही निष्कर्ष आज मान्य होणार नाहीत. पण ज्या स्टेशनावर आपण रोज नुसते दाराकडे सरकतो, तिथे पावणेसहाशे वर्षांपूर्वी माणसे आपला इतिहास ऐकायला जमली होती, एवढे कळले तरी प्रवास सत्कारणी लागला.

वाचणाऱ्याबद्दल दोन शब्द. श्राव्य पुस्तकात लेखकाइतकाच तो महत्त्वाचा. नट असला म्हणजे तो चांगला वाचतोच असे नाही. पात्रागणिक आवाज बदलणारा पहिल्या तासात मौज आणतो, तिसऱ्या तासात त्रास देतो. मी तीन गोष्टी पाहतो. नाव पहिल्यांदा आले की तो किंचित थांबतो का. लांब वाक्यात श्वास बरोबर जागी घेतो का. आणि च, ज, झ यांचे दोन्ही उच्चार त्याला येतात का. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगून दाखव, ही दोन्ही पानावर सारखी दिसतात. कानाला त्यांत गल्लत चालत नाही. यंत्राकडून वाचून घेतलेली पुस्तके आता मिळू लागली आहेत आणि ती नेमकी इथे घसरतात. माहितीच्या पुस्तकाला यंत्र चालेल. बखरीला माणूसच हवा. आणि वेग वाढवून ऐकणाऱ्यांना एक विनंती. बातम्या दीडपट वेगाने खुशाल ऐका, लक्ष्मीबाईंना त्यांच्या गतीने बोलू द्या.

कोणाला स्वतः वाचून ध्वनिमुद्रण करावेसे वाटले, तर कायदा आड येत नाही अशी पुस्तके पुष्कळ आहेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे कॉपीराइट राहतो. फुले (१८९०), आपटे आणि राम गणेश गडकरी (१९१९), राजवाडे (१९२६), लक्ष्मीबाई (१९३६), साने गुरुजी (१९५०) यांनी आपल्या हयातीत प्रसिद्ध केलेले मूळ लेखन आता सर्वांचे आहे. नव्या आवृत्तीतल्या टिपा आणि प्रस्तावना मात्र संपादकाच्या, त्या उचलू नयेत. अंध आणि इतर कारणांनी छापील पान वाचू न शकणाऱ्यांसाठी २०१२च्या कायदादुरुस्तीने कॉपीराइटमधल्या पुस्तकांनाही वाट मोकळी केली. अशा वाचकांसाठीचा माराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता. ज्यांचा आवाज बरा आहे आणि संध्याकाळी तासभर मोकळा आहे, त्यांना यात करण्यासारखे खूप आहे. घरातली एक शांत खोली, बंद पंखा आणि बरा मोबाइल एवढ्यावर सुरुवात होते. शेजारच्या इमारतीचे काम चालू असेल तर मात्र पहाटे उठावे लागते, आणि आमच्या गावात कुठे ना कुठे इमारतीचे काम चालू असतेच.

पुस्तिका कशी वापरावी तेही सांगून टाकतो. पहिल्या भागात बोलल्यासारखी लिहिलेली आत्मकथने आणि कादंबऱ्या आहेत, दुसऱ्यात बखरी आणि प्रवासवृत्ते, तिसऱ्यात ओवीवाङ्मय. प्रत्येक ग्रंथापुढे सुरुवात कुठून करावी, कोणता भाग बिनदिक्कत गाळावा, सोबत कोणती छापील आवृत्ती किंवा नकाशा ठेवावा, हे लिहिले आहे. क्रमाने जायची सक्ती नाही. ज्याने मराठी कधीच वाचली नाही त्याने ‘श्यामची आई’च्या एका रात्रीपासून आरंभ करावा. ज्याने पुष्कळ वाचले आहे त्याने वाचलेलेच एखादे पुस्तक ऐकून पाहावे. गाळलेल्या ओळी तेव्हा कळतात, कारण डोळा उड्या मारतो, आवाज मारत नाही. आणि शक्य असेल तिथे दोघांनी मिळून ऐकावे. घरी, जेवणानंतर, फोन टेबलावर ठेवून. पोथी ऐकणारे मध्येच थांबून शंका विचारत, वाद घालत. इअरफोनने तेवढी एक गोष्ट आपल्याकडून काढून घेतली आहे आणि ती परत मिळवायला काही खर्च येत नाही.

यादीत माझ्या आवडीनिवडी डोकावतात, याला इलाज नाही. कोणाला तीत एखादा ग्रंथ राहिलासा वाटला, तर त्याने तो आधी मोठ्याने दहा पाने वाचून पाहावा. घरातले कोणी उठून गेले नाही, तर पुढच्या आवृत्तीत त्याला जागा नक्की आहे.

भाईंदर (पश्चिम)